पेव उघडताना

लेंट, दुसरा आठवडा
आजचं वाचन: उत्पत्ती ४१:५३-५७ आणि लूक १२:१६-२१



यंदा आमच्या घरी लेंटचा एकच नियम आहे: घरात साठवलेलं आहे तेच खायचं. भस्म बुधवारापासून किराणा बंद, डिलिव्हरी अ‍ॅप बंद. दूध आणि थोडी ताजी भाजी तेवढी येते. माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. त्यामुळे पुण्यातल्या आमच्या छोट्या किचनमध्ये दोन्हीकडची बेगमी असते. कोरेगावचा घेवडा, कुळीथ, सांडगे, कुरडया, सांगलीची हळद, तासगावचे बेदाणे. सगळे डबे खाली काढले तर दोघांना दोन महिने सहज पुरेल इतकं निघालं.

मग प्रश्न आला, साठवणं चूक आहे का?

आपल्या भागात तसं म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही. माण, खटाव, जत, आटपाडी हे पाण्याची वाट बघणारे तालुके. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी बघितला ती माणसं ज्वारीचं पोतं संपत आलं की आजही अस्वस्थ होतात. बेगमी हा त्यांच्यासाठी शहाणपणा आहे. बायबलही साठवण्याला पाप म्हणत नाही.

आजच्या वाचनात दोन माणसं साठवतात. योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशाची कोठारं भरतो. लूकमधला श्रीमंत शेतकरीही जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा बेत करतो. बाहेरून बघितलं तर दोघांचं काम सारखंच. पण शेतकऱ्याच्या बोलण्यात 'मी' आणि 'माझं' किती वेळा येतं ते मोजून बघा. दुसरा माणूसच नाही त्यात! आणि योसेफ? भूक लागली तेव्हा त्यानं कोठारं उघडली. ज्या भावांनी त्याला खड्ड्यात टाकून विकलं होतं, तेही तिथूनच गोणी भरून घेऊन गेले. वर त्यांचे पैसेही त्यानं गुपचूप गोणीत परत ठेवले.

म्हणजे प्रश्न किती साठवलं हा नाहीच. ते कुणासाठी उघडतं, हा आहे.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जुनी पेवं आहेत. जमिनीखाली खोल, तोंड अरुंद, आत प्रशस्त. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकते. पण पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देतात, नाहीतर माणूस गुदमरतो. ती हवा बाहेर गेली की आत उतरून हळद बाहेर काढायची. २००५ च्या महापुरात त्या पेवांतही पाणी शिरलं. इतकी भक्कम साठवण, पण तीही शेवटची खात्री नव्हे.

हे मी माझ्या मनाबद्दल बोलतेय. सध्या आमच्या क्षेत्रात छाटणीची कुजबुज रोज कानावर येते. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असा सल्ला सगळे देतात आणि तो योग्यच आहे. पण भीती वाढली की माणूस आधी मूठ आवळतो. दशमांश, मदत, पाहुणा, सगळं 'पुढच्या महिन्यात बघू' होतं. तेव्हा समजायचं, आतली हवा कोंडली. लेंट म्हणजे झाकण काढायचे चाळीस दिवस.

आणखी एक गोष्ट. आपण ज्याला व्रत म्हणतो, त्याला कितीतरी घरांत महिनाअखेर म्हणतात. डब्यात असेल तेच शिजवायचं, हा त्यांचा निर्णय नसतो. म्हणून वाचलेले पैसे आपल्याच खात्यात राहिले तर तो उपवास नाही, ती बचत झाली. दुसऱ्या शतकातल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात उपवासाची रीत सांगितली आहे: त्या दिवशी न खाल्लेल्या अन्नाची किंमत मोजा आणि ती विधवेला, अनाथाला, गरजवंताला द्या. यशया ५८ व्या अध्यायातही देवाला हवा असलेला उपवास भुकेल्याला आपल्यातलं देण्यापाशीच येतो.

तेव्हा या आठवड्यात एवढं करू या:

१. डबे उघडून यादी करा. न उघडलेलं, तारीख शिल्लक असलेलं एक तरी पाकीट बाहेर द्या.
२. न केलेल्या ऑर्डरचे पैसे रोज लिहून ठेवा आणि शनिवारी एका गरजू घराला पोचवा. गाजावाजा नको.
३. रविवार लेंटच्या चाळीस दिवसांत मोजत नाहीत. त्या दिवशी पीजीत राहणाऱ्या एखाद्या मित्राला जेवायला बोलवा. घेवड्याची आमटी आणि भाकरी पुरे.

आजारी असाल, गरोदर असाल, औषधं चालू असतील तर जेवणावर बंधन घालू नका. पाकीट आणि पैसे मात्र तुम्हीही देऊ शकता.

प्रार्थना: हे बापा, आमच्या डब्यांत जे आहे ते तूच दिलंस. उद्याच्या भीतीनं आमची मूठ आवळू देऊ नकोस. योसेफासारखं आम्हाला वेळेवर उघडायला शिकव. येशूच्या नावानं मागतो. आमेन.