कपाळी लिहिलेलं दुखणं

१६५६ साली इंग्लंडमधली एक पंचविशीची सरदारपत्नी समुद्र ओलांडून फ्रान्सला गेली. सहलीला नव्हे, डोक्याच्या कवटीला भोक पाडून घ्यायला. हा सल्ला कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता, रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वे यांचा होता. कवटीवरची शस्त्रक्रिया शेवटी झाली नाही. त्याऐवजी रक्तवाहिनी छेदून रक्त काढण्यात आलं आणि बाई जशी गेली तशीच डोकं धरून परत आली.

तिचं नाव अ‍ॅन कॉनवे. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात लाइबनिझने जिचं नाव आदराने घेतलं ती हीच आणि वैद्यकाच्या इतिहासात कुठल्याच उपायाला दाद न देणारी रुग्णही हीच. हे दोन इतिहास वेगवेगळ्या कपाटांत ठेवले जातात. एकत्र वाचले तर त्यांतून एक जुना प्रश्न समोर येतो, जो मराठी घरांतही अर्धशिशीच्या प्रत्येक झटक्याबरोबर कुणीतरी विचारतंच: हे दुखणं माझ्याच वाट्याला का?

अ‍ॅनचा जन्म १६३१ चा. वडील पूर्वी हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती होते. तिच्या जन्माच्या आठवडाभर आधीच ते वारले. बाराव्या वर्षी तिला मोठा ताप आला आणि तो उतरला तेव्हा डोकेदुखी मागे ठेवून गेला. मुलींना विद्यापीठात मज्जाव होता, तेव्हा केंब्रिजचे हेन्री मोर यांनी तिला पत्रांतून शिकवलं आणि तेही थेट देकार्तचं तत्त्वज्ञान. १६५१ मध्ये लग्न होऊन ती पुढे वॉरिकशायरमधल्या रॅग्ले हॉलची मालकीण झाली. १६६० मध्ये देवीच्या साथीत एकुलता एक मुलगा गेला; तिलाही देवी आल्या होत्या, पण ती वाचली. डोकेदुखी या सगळ्यात होतीच.

तिच्यावर उपचार करणाऱ्यांत थॉमस विलिस होते. मेंदूच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. १६७२ च्या ग्रंथात त्यांनी एका थोर घराण्यातल्या स्त्रीची हकिगत नाव न घेता लिहिली आहे. ती अ‍ॅनचीच, असं अभ्यासक मानतात. झटका आला की तिला उजेड सोसत नसे, बोलणं सोसत नसे, कसलाच आवाज किंवा हालचाल सोसत नसे. खोली अंधारी करून ती पलंगावर ताठ बसून राही, कुणाशी बोलत नसे, झोप नाही, अन्न नाही. झटका ओसरायला लागला की जड, अस्वस्थ झोप लागे आणि जाग आल्यावर जरा बरं वाटे. ज्याच्या घरी अर्धशिशीचा रोगी आहे त्याला हे वर्णन साडेतीनशे वर्षांपूर्वीचं वाटणार नाही. विलिस पुढे उपायांची जंत्री देतात: रक्त काढणं, कातडीवर फोड आणणं, औषधी पाण्याचे झरे, आणि पाऱ्याचा एक उपचार तर जिवावर बेतलेला. पदवीधर डॉक्टर झाले, वैदू झाले, म्हाताऱ्याकोताऱ्या झाल्या. कशाचाही गुण आला नाही, असं रुग्णानेच स्पष्ट सांगितल्याची प्रामाणिक नोंदही त्यांनी केली आहे. असं लिहून ठेवणारे डॉक्टर तेव्हाही थोडेच असावेत.

मग पाळी आली चमत्काराची. आयर्लंडचा व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स हा एके काळी क्रॉमवेलच्या सैन्यात होता. अंगावरून नुसता हात फिरवून तो रोग घालवतो, अशी त्याची ख्याती पसरली होती. १६६६ च्या जानेवारीत कॉनवे घराण्याने त्याला रॅग्लेला आणवलं. आसपासच्या गावांतून माणसांची रीघ लागली, कित्येकांनी आपण बरे झाल्याचं सांगितलं आणि पुढे लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलसारख्या वैज्ञानिकानेही त्याचे प्रयोग जातीने पाहिले. जिच्यासाठी त्याला बोलावलं होतं, तिचं डोकं तेवढं दुखतच राहिलं.

१६७० नंतर फ्रान्सिस मर्क्युरी व्हान हेल्माँट हा भटक्या वृत्तीचा वैद्य-पंडित रॅग्लेत आला. तोही उपचारासाठीच. रोग त्याला हटवता आला नाही, पण तो तिथेच राहिला, अगदी तिच्या मृत्यूपर्यंत. त्याच्यामुळे अ‍ॅनला ज्यूंच्या कबाला या गूढपरंपरेची ओळख झाली आणि त्याच्याच संगतीने ती क्वेकर पंथाकडे वळली. क्वेकरांना तेव्हा इंग्लंडमध्ये तुरुंगात डांबलं जात होतं. सरदाराच्या बायकोने त्यांच्यात जाणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. नवरा वैतागला, मोर हळहळले. तिचं म्हणणं साधं होतं: या माणसांनी सोसलेलं आहे. चकचकीत पाहुण्यांपेक्षा तिला ती जवळची वाटली. शिवाय ही माणसं शांत बसतात. ज्याला दारावरची थापही घणासारखी लागते त्याच्यासाठी हा गुण धर्मश्रद्धेइतकाच मोलाचा ठरत असणार, असं म्हटलं तर अ‍ॅनचा अपमान होऊ नये.

या काळात ती एका वहीत पेन्सिलीने, बारीक अक्षरात टिपणं करत होती. १६७९ मध्ये ती गेली. १६९० मध्ये त्या टिपणांचं लॅटिन भाषांतर अ‍ॅमस्टरडॅमला छापलं गेलं, लेखिकेच्या नावाशिवाय.

त्यातला देकार्तला घातलेला पेच आजही सुटलेला नाही. देकार्तच्या मते मन आणि शरीर ही दोन सर्वस्वी भिन्न द्रव्यं. अ‍ॅन विचारते, मग शरीराला इजा झाली की आत्मा का तळमळतो? आत्मा हा देहात उतरलेला पाहुणा असेल, तर घराची भिंत फुटली म्हणून पाहुण्याला ताप का चढावा? तिचं उत्तर असं: दोन द्रव्यं नाहीतच. चैतन्य आणि देह एकाच द्रव्याच्या विरळ-दाट अवस्था आहेत, आणि निखळ जड, मेलेलं असं सृष्टीत काहीच नाही. मराठी वाचकाला इथे अमृतानुभवातला चिद्विलास आठवेल, पण ते साम्य फार ताणू नये; अ‍ॅनच्या मांडणीत ईश्वर सृष्टीहून वेगळाच राहतो.

हा विचार आरामखुर्चीतला नाही. अर्धशिशीच्या रोग्याला झटक्याच्या आदल्या दिवशीच जांभया येतात, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. कुणाला डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, कुणाला ओळखीचा शब्द सापडत नाही. यातलं शरीराचं किती आणि मनाचं किती, हे सांगायला जावं तर रेघच सापडत नाही. ‘काही नाही, सगळं मनाचं आहे’ हे वाक्य बायकांनी डॉक्टरांकडून आणि सासरकडून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं आहे. अ‍ॅनचं म्हणणं मान्य केलं तर त्या वाक्याला अर्थच उरत नाही.

पण ती इथे थांबत नाही. दुःख प्राण्याला शुद्ध करतं, त्याच्यातला जडपणा झिजवतं आणि शेवटी त्याला चांगल्याकडे नेतं, असं ती म्हणते. म्हणून कायमचा नरक असूच शकत नाही. तशी शिक्षा देणारा देव न्यायी कसा म्हणावा? सतराव्या शतकात हे लिहिणं धाडसाचंच होतं, आणि नरकाचा जाच काढून टाकणारी ही बाई चर्चच्या कित्येक धर्मपंडितांपेक्षा दयाळू होती यात शंका नाही.

तरीही हे दुसरं पाऊल पहिल्याइतकं भक्कम नाही. मन आणि देह एक आहेत, याचा पुरावा प्रत्येक झटका देतो. झटका माणसाला शुद्ध करतो, याचा पुरावा कुठे आहे? अ‍ॅन उदार होती ती डोकेदुखीमुळे की डोकेदुखी असूनही, हे कोण ठरवणार? आणि तिच्या वागण्यातली एक गोष्ट तिच्या सिद्धान्ताहून बोलकी आहे. दुःखाला शुद्धीचं साधन म्हणणाऱ्या या बाईने उपाय शोधणं काही सोडलं नव्हतं. दुःख खरोखर औषध असतं, तर तिने त्यावर औषध कशाला शोधलं असतं?

आपल्याकडे या प्रश्नाचं तयार उत्तर आहे. प्रारब्ध. मागच्या जन्मीचं देणं, ते फेडल्याशिवाय सुटका नाही. सुंठ उगाळून कपाळाला लेप लावणारी, सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खायला घालणारी माणसंच लेप वाळायच्या आत ‘भोग आहेत बाई’ असंही म्हणून टाकतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण ऐकणाऱ्याच्या डोकेदुखीत तेवढी एक चोरटी अपराधाची भावना मिसळली जाते.

या बाबतीत पाली ग्रंथांत मोठी गमतीची विसंगती आहे. अपदानात खुद्द बुद्धांच्या डोकेदुखीचं कारण दिलं आहे: पूर्वी एका जन्मी कोळ्याचा मुलगा असताना मासे मारले जात असलेले पाहून त्यांना आनंद झाला होता! संयुत्त निकायात मात्र राजगृहाच्या वेळुवनात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना नेमका हाच प्रश्न विचारतो. माणसाला जे काही सुखदुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मानेच, असं काहींचं म्हणणं आहे. आपलं मत काय? बुद्ध आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा प्रकोप, ऋतूतला बदल, वागण्यातली हयगय, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्म. हे स्वतःलाही कळतं आणि जगही मानतं. तेव्हा सगळ्याचं खापर पूर्वकर्मावर फोडणारे लोक चुकतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. कर्माला त्यांनी हद्दपार केलं नाही, आठांपैकी एका जागेवर बसवलं. पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा वारसा पार नाकारला. या दोन भूमिका सारख्या नाहीत, पण आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या मागच्या जन्माचा हिशेब मांडायला दोन्हींत जागा नाही.

विनयपिटकात जीवकाची गोष्ट आहे. तक्षशिलेहून शिकून परतणारा हा तरुण वैद्य वाटेत साकेतला थांबतो. तिथल्या एका शेठाणीचं डोकं सात वर्षं दुखतं आहे. नावाजलेले वैद्य आले, सोनं घेऊन गेले. हा पोरसवदा वैद्य काय करणार, म्हणून ती आधी नकार देते. जीवक निरोप पाठवतो की आधी काही देऊ नका, बऱ्या झालात तर वाटेल ते द्या. मग तो पसाभर तूप औषधांत कढवून तिला उताणं झोपवतो आणि ते तिच्या नाकात सोडतो. तूप तोंडावाटे बाहेर येतं. शेठाणी ते भांड्यात थुंकते आणि दासीला म्हणते, हे कापसाने टिपून ठेव. जीवकाच्या पोटात गोळाच येतो. फेकायचं तूप जी टिपून ठेवते ती मला काय देणार? शेठाणी त्याचा चेहरा वाचते आणि हसून सांगते की आम्ही संसारी माणसं, हे तूप गड्यांच्या पायांना चोळायला किंवा दिव्याला चालेल. तुमच्या फीला धक्का नाही. एका नस्याने सात वर्षांचं दुखणं जातं. घरातली चार माणसं मिळून जीवकाला सोळा हजार नाणी देतात, वर दास, दासी आणि घोड्यांचा रथ. हा गुण जसाच्या तसा खरा मानायची गरज नाही. पण एक गोष्ट नजरेत भरते: भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात आलेल्या या कथेत शेठाणीने मागच्या जन्मी काय केलं होतं, हे कुणीही विचारत नाही. सगळ्यांना चिंता आहे ती तुपाची, फीची आणि डोक्याची.

जीवकाचं तूप आणि विलिसचा पारा यांच्यानंतर अर्धशिशीवर खास तिच्यासाठी घडवलेलं औषध यायला विसावं शतक संपत आलं. १९९१ मध्ये सुमाट्रिप्टान बाजारात आलं. चेहऱ्याच्या आणि मेंदूभोवतालच्या आवरणांच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल चेतातंतूंतून सीजीआरपी नावाचा पदार्थ सुटतो आणि झटक्यात त्याचा मोठा वाटा असतो, हे दरम्यान उलगडत गेलं. त्यालाच अडवणारी पहिली इंजेक्शनं २०१८ मध्ये आली. हे कोडं सोडवणाऱ्या चार संशोधकांना २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. ही औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत, इंजेक्शनं महाग आहेत आणि आजार मुळापासून उपटून काढणारं काही अजून हाती नाही. झटके कमी होतात, सौम्य होतात. अ‍ॅन कॉनवेने तेवढ्यासाठी काय दिलं नसतं!

दुखण्यातून अर्थ काढण्याचा हक्क दुखणाऱ्याचा आहे. अ‍ॅनने तो काढला आणि त्यातून तत्त्वज्ञान उभं केलं. शेजारच्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या दुखण्याला अर्थ चिकटवणं हे मात्र तत्त्वज्ञान नव्हे, आगाऊपणा आहे.

तेव्हा घरात कुणी अर्धशिशीने आडवं झालं असेल तर भोगांचा विषय काढू नका. मिक्सर बंद करा, फोडणी थोड्या वेळाने द्या. महिन्यातले दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या पोटात जात असतील तर त्या गोळ्यांनीच डोकेदुखी वाढते, हे आजाऱ्याच्या कानावर घाला. डोकं आयुष्यात कधी नव्हे इतकं आणि अचानक दुखलं, हात किंवा पाय लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट इस्पितळ गाठा. आणि झटके दर महिन्याला येत असतील, तर त्यांच्या तारखा वहीत लिहून ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा.