साडेसाती, प्रारब्ध आणि नोकरीचा ताण

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरला तेल वाहायला येणाऱ्या भाविकांत नोकरीचे गाऱ्हाणे घेऊन येणारेही असतात, आणि रखडलेली बढती, आडगावी झालेली बदली, वरिष्ठांचा रोष या साऱ्यांना ते साडेसाती या एकाच नावाने ओळखतात. जन्मराशीच्या आधीची रास, खुद्द जन्मरास आणि तिच्या पुढची रास यांतून शनीला जाण्यास लागणारा सुमारे साडेसात वर्षांचा काळ म्हणजे फलज्योतिषातील साडेसाती होय. शनीची राशिचक्रातील फेरी साधारण साडेएकोणतीस वर्षांची असल्याने, तीस वर्षे नोकरी करणारा कोणीही तिच्यातून सुटत नाही. या गणितात मोठा दिलासा आहे, कारण जे सर्वांच्याच वाट्याला येते ते सोसताना माणूस स्वतःला नालायक ठरवीत नाही, आणि या काळाला शेवट आहे हेही त्याला ठाऊक असते.

नोकरीतल्या ताणाला मात्र असा ठरलेला शेवट नसतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले की, कामाचा रेटा मोठा आणि ते कसे करावे हे ठरवण्याची मुभा थोडी, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की ताण सर्वांत घातक होतो. स्टॉकहोमच्या कुंग्सहोल्मेन भागातील वृद्धांच्या दीर्घ पाहणीत, अशा कामात आयुष्य घालवलेल्यांना उतारवयात स्मृतिभ्रंश, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती क्षीण होत जाऊन रोजचे व्यवहारही अवघड करणारा विकार, होण्याचा धोका अधिक आढळला. ताणात स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ चढे राहिले तर नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला ते अपायकारक ठरते, असे त्यामागचे एक स्पष्टीकरण आहे; वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूच्या वाहिन्यांची होणारी हानी हे दुसरे. तथापि संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे होत नाही, आणि 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे चौदा टाळता येण्याजोगे धोके नोंदवले, त्यांत रक्तदाब आणि नैराश्य असले तरी नोकरीचा ताण स्वतंत्रपणे नाही.

प्रश्न असा की, हा ताण प्रारब्ध मानावा काय? कर्मसिद्धान्त कर्माचे तीन भाग करतो: साठलेले ते संचित, त्यातले फळ देऊ लागलेले ते प्रारब्ध आणि आज हातून घडणारे ते क्रियमाण. शनी हा कर्मफळाचा न्यायाधीश मानला जातो, म्हणून त्याच्यासमोर प्रारब्ध सोसण्याचे बळ मागणे सुसंगतच आहे. पण ज्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीता मराठीत सांगितली, ते शिंगणापूरच्याच तालुक्याचे गाव, आणि ती गीता फळावरचा हक्क नाकारताना कर्मावरचा अधिकार माणसाकडेच ठेवते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी तर तिचे तात्पर्य कर्मयोगातच पाहिले. कारासेक ज्या मुभेविषयी बोलतात ती फळाची नसून कर्माचीच आहे. त्यामुळे ज्या कचेरीत माणसाला आपल्या कामाचा क्रम, वेग आणि विसावा यांपैकी काहीच ठरवता येत नाही, तेथे त्याच्याकडून गीतेने दिलेले तेवढेच काढून घेतलेले असते, आणि अशा माणसाला निष्काम राहण्याचा उपदेश करणे हा गीतेचा उघड गैरवापर आहे.

दाराला कुलूप न लावण्याची शिंगणापूरची परंपरा येथे विचारात घेण्याजोगी आहे. २०११ मध्ये युको बँकेने तेथे कुलपाविना शाखा उघडली ती याच परंपरेला मान देऊन. संकट येण्याआधीच त्याची सतत वाट पाहत राहणे हा शरीरावरच्या ताणाचा मोठा भाग असतो, आणि राखणीचा भार देवावर सोपवणाऱ्याची त्यातून काही अंशी सुटका होते. मात्र ही श्रद्धा गावाने आपल्या घरांबाबत स्वतः स्वीकारलेली आहे. वरिष्ठाने हाताखालच्यांवर लादलेली सहनशीलता तिच्या पंक्तीला बसत नाही.

शिवाय अटळ मानलेले सारेच अटळ नसते, याचा दाखला शनीच्या चौथऱ्यावरच आहे. स्त्रियांनी तो चढू नये ही रूढी पिढ्यान्‌पिढ्या देवाचीच आज्ञा समजली गेली. स्त्रियांनी आंदोलन केले, मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशाचा त्यांचा हक्क उचलून धरला, आणि एप्रिल २०१६ मध्ये देवस्थानाने चौथरा त्यांना खुला केला.