तपासणी, तजस्सुस आणि अमानत

समजा, कोरेगावातील एका घरातली मुलगी साताऱ्याच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. सकाळच्या एसटीने जाते, मगरिबच्या सुमारास परतते. एके दिवशी रुग्णालयात सूचना लागते की, सर्व कर्मचाऱ्यांनी क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. रात्री घरात विषय निघतो. अब्बांना त्यात काही विशेष वाटत नाही. अम्मी बराच वेळ गप्प राहतात आणि मग विचारतात की, मुलीचे नाते ठरायचे आहे, कागदावर काही आले तर काय करायचे? मुलगी काहीच बोलत नाही. गेले तीन आठवडे तिला खोकला आहे आणि ते तिने कोणालाही सांगितलेले नाही.

वाचक बंधुभगिनींनो, ही मुलगी काल्पनिक आहे. अम्मींचा प्रश्न मात्र तुम्ही-आम्ही आपल्याच घरांत ऐकलेला आहे. त्या प्रश्नापाशी आज थोडे थांबावयाचे आहे.

अशा तपासणीविरुद्ध आपल्यात दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला तवक्कुलचा. आजार देणारा आणि बरा करणारा अल्लाहच आहे; मग लपलेला आजार उकरून कशाला काढायचा? काही जण एका हदीसचा आधारही देतात, ज्यात संसर्गाची जुनी अरबी समजूत नाकारलेली आहे. पण हदीसच्या त्याच ग्रंथांत आजारी उंट निरोगी उंटांजवळ आणू नयेत अशी ताकीदही आलेली आहे. उलमांनी या दोहोंचा मेळ असा घातला आहे की, आजाराला स्वतःची स्वतंत्र शक्ती नाही, मात्र अल्लाहने जी कारणे निर्माण केली आहेत त्यांत संसर्ग हेही एक कारण आहे. हजरत उमर फारूक (रजि.) सीरियाकडे निघाले असता सर्ग येथे त्यांना पुढे प्लेग पसरल्याचे कळले. त्यांनी मुहाजिरांचा, अन्सारांचा आणि कुरैशच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला. मते विभागली गेली. अखेर त्यांनी परतण्याचा निर्णय दिला. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे तकदीरपासून पळणे नव्हे काय? उत्तराचा आशय असा होता की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. उंट हिरव्या उतारावर चारले काय आणि ओसाड उतारावर चारले काय, दोन्ही तकदीरच. पण कोणता उतार निवडायचा हे मेंढपाळाच्या हाती असते. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी त्या विषयावरील हदीस सांगितली आणि निर्णयाला पुष्टी मिळाली. त्या हदीसचा दुसरा भाग आपण कमी आठवतो. जिथे साथ आहे तिथे जाऊ नये, आणि तिथे असलेल्याने तेथून पळूनही जाऊ नये. पहिल्या भागात स्वतःचे रक्षण आहे, दुसऱ्यात इतरांचे. आपल्या परिचारिकेचा प्रश्न या दुसऱ्या भागात येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो सहज उडवून लावता येत नाही. कुरआनने तजस्सुस, म्हणजे लोकांची झाकलेली गोष्ट उकरून काढणे, निषिद्ध ठरवले आहे. गीबतीच्या शेजारीच त्याला बसवले आहे. मग सक्तीची तपासणी हा तजस्सुस होत नाही काय? माझे उत्तर असे की, तजस्सुस ऐब शोधतो आणि क्षय हा ऐब नाही. तो एक जंतू आहे. रॉबर्ट कॉख याने तो २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. तो हवेतून येतो, आणि ज्याच्या छातीत शिरतो त्याचे चारित्र्य पाहून शिरत नाही. परंतु ज्या मोहल्ल्यात आजाराचे नाव कळताच मुलीचे नाते मोडते, त्या मोहल्ल्यात एक्स-रेचा कागद ऐबाचाच कागद होऊन बसतो. म्हणजे तपासणीला तजस्सुसचे रूप डॉक्टर देत नाहीत. ते आपण देतो.

ही भीती आली कुठून? एकेकाळी तिला कारण होते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या रोगावर औषधच नव्हते. विश्रांती, आहार आणि स्वच्छ हवा एवढाच उपाय होता. ऐपत असलेले पाचगणीला जात. इतर अनेक जण मिरजेला जात, जिथे वानलेसवाडीत क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे होते. पुणे-मिरज लोहमार्ग कोरेगावावरूनच जातो. त्या दिशेने गेलेला प्रत्येक रुग्ण परत येईलच याची खात्री कोणी देत नसे. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, पुढे इतर औषधे आली, आणि आज साधा क्षय सहा महिन्यांच्या उपचाराने बहुतेक पूर्ण बरा होतो. कारण गेले, भीती मात्र वारशात आली.

आता रुग्णालयाकडे वळू. मुंबईच्या शिवडी येथील क्षयरोग रुग्णालयात रुग्णांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच हा रोग जडल्याच्या, आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. त्यांत परिचारिका होत्या, कक्षसेवक होते, सफाई कामगार होते. खोकणाऱ्या रुग्णाजवळ जो जास्त तास उभा राहतो त्याला धोका जास्त, एवढे सरळ गणित आहे. आणि ज्याला तो जडतो त्याच्याकडून तो पुढे कोणाकडे जातो? अशक्त नवजात बाळाकडे, मधुमेह असलेल्या वृद्धाकडे, डायलिसिसवर असलेल्या रुग्णाकडे. आपली परिचारिका कोण असावी हे त्यांना निवडता येत नाही. त्यांचा जीव तिच्या हाती अमानत म्हणून असतो. म्हणून ज्या मुलीला तीन आठवडे खोकला आहे, तिने तो लपवणे हा केवळ तिचा खासगी मामला राहत नाही. हे लिहिताना मला तिचे दुःख कळते. तरीही हेच लिहावे लागते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण तिच्या अज्ञानातून पुष्कळ अन्याय होतो. जंतू शरीरात असणे आणि रोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात हा जंतू सुप्त आहे, आणि अशा सुमारे दहांपैकी एकालाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. सुप्त अवस्थेत तो कोणालाही लागत नाही. त्वचेची किंवा रक्ताची चाचणी फक्त जंतूची चाहूल सांगते; रोग आहे की नाही हे लक्षणे, एक्स-रे आणि थुंकीची तपासणी यांवरून ठरते. अमेरिकेतही २०१९ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांची सरसकट वार्षिक चाचणी आवश्यक मानलेली नाही. नोकरीच्या आरंभी एकदा, आणि पुढे संपर्क घडल्यास, एवढे पुरेसे ठरवले आहे. आपल्याकडे तर निव्वळ जंतू आढळला म्हणून कोणाला कामावरून काढायचे ठरवले, तर तोच नियम प्रथम व्यवस्थापनाच्या खोलीत लावून पाहावा लागेल.

एवढा वेळ मी कर्मचाऱ्याच्या कर्तव्याबद्दल बोललो. पण तपासणीचा आदेश देणाऱ्यावर काहीच नाही काय?

ताइफहून सकीफ कबिल्याचे शिष्टमंडळ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे बैअतसाठी आले, तेव्हा त्यांत एक कुष्ठरोगी होता. प्रेषित (स.) यांनी त्याला निरोप पाठवला की, त्याची बैअत स्वीकारली आहे, त्याने परतावे. या छोट्या प्रसंगात अंतरही राखले गेले आणि हक्कही पूर्ण दिला गेला. हातात हात दिला नाही म्हणून त्याची बैअत इतरांपेक्षा कमी ठरली नाही. तो बाहेरचा झाला नाही. मला वाटते, तपासणीचा सगळा न्याय या प्रसंगातून उलगडतो. रोग निघाला तर परिचारिकेने काही आठवडे कामापासून दूर राहावे, हे अंतर झाले. त्या आठवड्यांचा पगार मिळावा, परतल्यावर तीच जागा मिळावी, तिचे नाव व्हरांड्यात चघळले जाऊ नये, हा हक्क झाला. पहिले घेऊन दुसरे नाकारणारा मालक सावधगिरी बाळगत नाही, तो जुलूम करतो.

हे केवळ नैतिक आवाहन नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी भरपाई कायदा १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत आरोग्यसेवेच्या व प्रयोगशाळेच्या कामातून जडणारे संसर्गजन्य रोग व्यवसायजन्य मानलेले होते. राज्य कामगार विमा योजनेत पात्र कामगाराला क्षयासाठी वाढीव आजारपण लाभ मिळतो. अडचण अशी की, कंत्राटावरची आया, कचरा उचलणारा मुलगा, छोट्या दवाखान्यातला कंपाउंडर, यांची नावे पुष्कळदा कोणत्याच नोंदवहीत नसतात. आपल्या समाजातील किती तरुण अशाच कामांवर आहेत, हे तुम्ही मला सांगण्याची गरज नाही. आणि आपल्यापैकी जे स्वतः दवाखाने चालवतात, त्यांनी आपल्याकडच्या आयेबाबत हा विचार आजच करावा.

मालक न्यायी नसेल तर मुलीने काय करावे? त्याच्या न्यायाची वाट पाहू नये. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक आहे, ती मोहल्ल्याकडे नव्हे.

आता अम्मींचा प्रश्न. उपचार चालू असताना नाते ठरत असेल, तर समोरच्यांना सांगितले पाहिजे. निकाह हा करार आहे आणि करारात फसवणूक चालत नाही. परंतु जो आजार उपचार पूर्ण होऊन बरा झाला, त्याची दवंडी पिटण्याचे बंधन मला दिसत नाही. थेट विचारले तर खोटे बोलू नये, एवढेच. याबाबत आपल्या विश्वासातील आलिमांना जरूर विचारावे. उलट बाजूच्यांनाही माझे एक विचारणे आहे. रुग्णांची सेवा करताना जिला आजार जडला आणि जिने सहा महिने न चुकता औषध घेतले, तिच्याबद्दल तुम्हाला नेमकी कसली शंका आहे?

आणि घरी आजार निघालाच, तर आपण पहिली कोणती गोष्ट करतो? थाळी आणि पेला वेगळा काढतो. क्षय भांड्यांतून पसरत नाही, तो हवेतून पसरतो. दस्तरखानावरची तिची जागा तशीच राहू द्या. सुरुवातीचे काही आठवडे तिला मास्क लावू द्या, हवेशीर खोलीत वेगळे झोपू द्या, आणि थंडीचे निमित्त करून बंद ठेवलेली ती खिडकी उघडा.