सटवाईचा कोरा कागद

नातीच्या सहाव्या रात्री पाटावर सुपारी मांडली, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते ना! विहीणबाई म्हणाल्या, "एकदा लिहिलं की लिहिलं. पुसता येत नाही."

मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, पण ते वाक्य मला लागलं ते आईमुळे. चौथीनंतर तिची शाळा सुटली. "सटवाईनं माझ्या कपाळी शाळा लिहिलीच नव्हती," असं ती शेवटपर्यंत म्हणायची. दुधाचा महिन्याचा हिशेब मात्र तोंडी करायची, पैसुद्धा चुकायची नाही.

विहीणबाईंना म्हटलं, "लिहिलेलं तर आहेच. हिच्या एकेका पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनएचा धागा आहे, तोही मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान केंद्रकात. डोळ्याच्या पेशीत जो मजकूर, तोच यकृताच्या. तरी डोळ्यात पित्त तयार होत नाही."

वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतो, तसा हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांचा एक गड्डा, त्याला पावणेदोनाला जरा कमी वेढे, की धागा पुढच्या गड्ड्याकडे. धाग्यावर ऋण भार, हिस्टोनांवर धन, म्हणून मिठी घट्ट. घट्ट गुंडाळलेलं पेशीला सहसा वाचता येत नाही. हिस्टोनाच्या शेपटीतल्या लायसिनला इवलासा ॲसिटिल गट चिकटला, की तिथला धन भार जातो आणि पकड सैलावते. अक्षर एकही बदलत नाही. आणि ही व्यवस्था किती पुरातन! गाय आणि वाटाणा यांच्या एच-४ हिस्टोनात १०२ अमिनो आम्लांपैकी फक्त २ वेगळी आहेत.

म्हणून प्रारब्ध मी नाकारत नाही. पण लिहिलेलं म्हणजे घडलेलं नव्हे. जप केल्यानं हिस्टोन सैल होतात असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पेशीकडून मी फक्त एक प्रश्न शिकले: नव्हतंच, की कुणी उघडलं नाही? आईपुरतं उत्तर मला ठाऊक आहे. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत चौथीचं पुस्तक सापडलं, फडक्यात बांधलेलं.

"मग उघडतं कोण?" विहीणबाईंनी विचारलं.

"पेशीतली विकरं."

"आणि त्यांना सांगतं कोण?"

"शेजारच्या पेशी, रक्तातून आलेले संकेत..."

"आणि त्यांना?"

मी गप्प राहिले. विहीणबाईंनी समईची वात पुढे सारली.