आकाशाला जाती नसते

बायसन हे साधन व्याकरणाचे नियम वाचते आणि त्या व्याकरणात बसणारा मजकूर उलगडणारा प्रोग्रॅम, म्हणजेच पार्सर, आपणच लिहून देते. बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात लिहिलेल्या ‘यॅक’चा हा वारसदार. मूळ रूपात त्यातून सी भाषेतला कोड निघतो: एक फंक्शन आणि त्याच्या दिमतीला काही सार्वत्रिक चल. व्याकरणाच्या फाइलीत वर एक ओळ घालून भाषा सी प्लस प्लस असल्याचे कळवले, की फंक्शनच्या जागी पार्सर नावाचा क्लास हाती येतो. नियमांना जोडलेल्या कृती थोड्याफार बदलाव्या लागतात. नियम मात्र तेच राहतात.

बदल किरकोळ दिसतो, पण त्यामागे भारतीय तर्कशास्त्राने शतकानुशतके घोळवलेला प्रश्न आहे. सार्वत्रिक चलांवर चालणारा पार्सर प्रोग्रॅमभर एकच असतो. क्लास म्हणजे साचा; तो झाला, की त्यातून हवे तितके ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष नमुने, निर्माण करता येतात आणि प्रत्येकाची स्थिती त्याच्याजवळच राहते. मग या अनेकांत जे ‘एक’ आहे ते खरोखर आहे, की पाहणाऱ्याने सोयीसाठी कल्पिले आहे?

मुंबईला हा प्रश्न परका नाही. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्याय-वैशेषिक परंपरेचा प्रवेशग्रंथ १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाला. संपादन यशवंत वासुदेव आठल्ये यांचे, प्रस्तावना आणि इंग्रजी भाषांतर महादेव राजाराम बोडस यांचे. गायी असंख्य, पण त्या सगळ्यांतले गोत्व, म्हणजे गाईपण, एक; अशा समान धर्माला जाती म्हणतात. ते नित्य आहे आणि प्रत्येक गाईत समवायाने, म्हणजे न तुटणाऱ्या संबंधाने, राहते, असे या परंपरेचे मत. जाती खरी मानली, म्हणूनच या तार्किकांनी दिसेल त्या साम्याला जाती म्हणू दिले नाही. याच परंपरेतल्या उदयनाचार्यांनी जातीच्या आड येणारे सहा बाधक सांगितले. पहिला असा, की व्यक्ती एकच असेल तर जाती संभवत नाही. आकाश एकच आहे, म्हणून आकाशत्व ही जाती नव्हे. जुन्या पार्सरची गत नेमकी आकाशासारखी होती.

सहांपैकी संकर हा बाधक सर्वांत रोचक. पृथ्वी, जल, तेज आणि वायू ही द्रव्ये भूतही (महाभूत) आहेत आणि मूर्तही (मर्यादित आकाराची). आकाश भूत आहे, मूर्त नाही. मन मूर्त आहे, भूत नाही. भूतत्व आणि मूर्तत्व एकमेकांना असे अर्धवट छेदतात, म्हणून त्यांना जाती मानता येत नाही, ते केवळ उपाधी, म्हणजे वरून लावलेले धर्म. क्लासांतही हाच पेच येतो. सी प्लस प्लसमध्ये एका क्लासला परस्परांशी संबंध नसलेले दोन पूर्वज चालतात. जावा या भाषेने थेट पूर्वज एकच ठेवला आणि छेदणारे समान धर्म इंटरफेस या वेगळ्या रचनेकडे सोपवले. पुढे नव्यन्यायात संकराला बाधक न मानणारेही झाले, म्हणजे हा वाद तिथेही मिटलेला नव्हता.

टेरेन्स पार यांचे अँटलर हे बायसनसारखेच पार्सर लिहून देणारे साधन आणखी पुढे जाते. त्याची चौथी आवृत्ती व्याकरणातल्या प्रत्येक नियमासाठी एक क्लास लिहून देते. गुणाकार बेरजेआधी व्हावा म्हणून जुन्या धाटणीच्या व्याकरणात पदावली, पद, अवयव असे नियम पाडलेले असतात. तसे व्याकरण अँटलरला दिले, तर साधा पाचाचा आकडाही तीन क्लासांच्या वेष्टनात येतो. त्या पाचात असे तीन थर कुठेच नसतात. क्रम सांभाळण्यासाठी केलेली विभागणी कोडमध्ये मात्र जाती होऊन बसते. साधनाने क्लास दिला म्हणून वस्तूही तशीच आहे, असे समजणे इथे फार सोपे होते. उदयनांची चाळणी नेमकी इथे लावायला हवी.

ही चाळणी न लावल्याची खरी किंमत माणसांनी मोजली. ब्राह्मणत्व ही गोत्वासारखीच जाती आहे आणि आईवडिलांची परंपरा ठाऊक असली की ती प्रत्यक्ष दिसते, असे मीमांसक कुमारिल भट्टांनी मांडले. मीमांसकांतल्याच प्राभाकरांनी ते नाकारले. बौद्ध आणि जैन तार्किकांनी तर त्यावर हल्लाच चढवला: गाय ओळखायला तिची वंशावळ विचारावी लागत नाही, मग इथेच का लागते? जैन आचार्य प्रभाचंद्रांनी हे खंडन ‘प्रमेयकमलमार्तंड’मध्ये केले. त्या ग्रंथाची १९४१ची आवृत्ती छापली मुंबईच्याच निर्णयसागर छापखान्याने.

सी प्लस प्लस आणि जावात ऑब्जेक्टचा क्लास तो निर्माण होतानाच ठरतो आणि आयुष्यभर बदलत नाही. पायथनमध्ये तो नंतरही बदलता येतो. म्हणजे ही सक्ती भाषा रचणाऱ्यांनी घातलेली आहे. वस्तूच्या स्वभावातून ती आलेली नाही. जन्मावर ठरवलेला वर्ग स्वभावातून येतो की माणसांनी लादलेला असतो, नेमका हाच प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ मे १९३६ रोजी दादरजवळ नायगावला, मुंबई इलाखा महार परिषदेत, हजारो कष्टकऱ्यांपुढे मांडला. ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या भाषणात धर्मांतराचा विचार सामाजिक आणि धार्मिक, ऐहिक आणि आध्यात्मिक अशा सर्व बाजूंनी तपासलेला आहे. प्रत्यक्ष बौद्ध धम्माची दीक्षा वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला झाली.