आट्यांतील गंज
मननासाठी शास्त्रभाग : मत्तय 23 : 26



दिवाळी सरली की ऊसकरी गावांत गळीत हंगामाची लगबग सुरू होते. पावसाळाभर गोठ्याशेजारी उभी असलेली ट्रॉली बाहेर निघते. ट्रॅक्टरच्या पाठीमागचा हूक झिजला असेल तर नवा आणला जातो, आणि गॅरेजात गर्दी असल्यामुळे पुष्कळ जण तो घरच्या अंगणातच बसवितात. हे काम दिसावयास लहान आहे. परंतु भरलेल्या ट्रॉलीची सारी ओढ त्या थोड्याशा बोल्टांवर येते; चढावर हूक निखळला तर मागून येणाऱ्या निरपराध वाटसरूच्या जिवावर बेतते. म्हणून हे काम कसे करावे हे नीट समजून घेऊ व त्यातून आपल्या आत्म्यासाठी बोधही घेऊ.

जुना बोल्ट काढल्यावर भोकात डोकावून पाहा. आत पीळदार चर असतात. त्यांस कारागीर आटे म्हणतात. त्यांत चिखल, जुना रंग व गंज साचलेला असतो. लोखंड गंजले म्हणजे तो गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, व ते बारीक चर भरून जातात. उतावळा मनुष्य तसाच बोल्ट लावतो. तो अडला की पान्याला पाईप अडकवून जोर करतो. मग आटा चुकून चांगले आटे कापले जातात, किंवा बोल्ट अर्ध्यावरच गच्च रुततो.

यात मोठी फसवणूक आहे, ती लक्षात घ्या. बोल्ट आवळला म्हणजे तो किंचित ताणला जातो, आणि त्याची परत आखडण्याची ओढच दोन भागांस एकत्र धरून ठेवते. परंतु पान्यावर आपण जो जोर लावतो त्याचा सुमारे दहावा हिस्साच या ताणाच्या कामी येतो. निम्माअधिक जोर बोल्टाच्या माथ्याखालील घर्षणात जातो व उरलेला बहुतेक आट्यांच्या घर्षणात. स्वच्छ बोल्टाची ही गत, तर आट्यांत गंज असेल तेव्हा काय होईल? तो दहावा हिस्साही गंजच खाऊन टाकील. हात दुखतील, पाना म्हणेल की झाले. पण सांधा आतून सैलच राहील. पहिली भरलेली खेप व पहिला खडबडीत रस्ता यांत ते उघडे पडेल.

मग योग्य रीत कोणती? ट्रॅक्टर सपाट जागी बंद करून चाकांखाली दगड लावावे. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. माती खरवडून आट्यांत गंज सोडविणारे तेल घालावे व रात्रभर मुरू द्यावे. सकाळी भोकात जाईल असा तारेचा गोल ब्रश फिरवावा. नवे आटे पाडण्याचा टॅप सहसा घालू नये, कारण तो गंजाबरोबर चांगले लोखंडही कापतो. आटे साफ करण्याचे हत्यार नसेल तर त्याच मापाच्या एका चांगल्या जुन्या बोल्टावर हॅक्सॉने उभ्या तीन-चार खाचा पाडाव्या. तो बोल्ट अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे, असा हलक्या हाताने फिरवावा. म्हणजे मळ खाचांत गोळा होतो. पुसावे व पुन्हा फिरवावे.

नवा बोल्ट जुन्याच मापाचा व ताकदीचा असावा. 12 मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे 1.75, 1.5 किंवा 1.25 मिलिमीटर अंतराचे असू शकतात. दिसण्यात ते सारखेच, पण एकमेकांत बसत नाहीत. बोल्ट प्रथम बोटांनीच लावावा. बोटांनी जात नसेल तर पाना उचलू नये. सगळे बोल्ट हातांनी बसल्यावर आळीपाळीने, ट्रॅक्टरच्या पुस्तकात सांगितलेल्या मापाने आवळावे. तेल लावावे की कोरडा ठेवावा हेही पुस्तकात पाहावे. कारण तेलकट बोल्ट तितक्याच जोराने अधिक ताणला जातो व तुटूही शकतो. पहिल्या खेपेनंतर पुन्हा तपासावे.

आता आपल्या मंडळीकडे पाहू. दोन भावांत बांधावरून तंटा होतो. नाताळ जवळ आला म्हणून पंच त्यांस बोलावतात, भीड घालतात, सर्वांदेखत हात मिळवावयास लावतात. पान्याला पाईप लावला; आतील गंज तसाच राहिला. मग पाटाच्या पाण्याची पाळी येते, हीच पहिली भरलेली खेप, आणि समेट निखळतो. परूशांना प्याल्याचा दृष्टांत सांगताना प्रभूने आतील शुद्धीस पहिले स्थान दिले. आपण तो क्रम का उलटावा?

उपदेशक बंधूंनो, तंटा मिटविण्यास जाल तेव्हा जोर शेवटी ठेवा. आधी ऐकून घ्या. प्रेमाचे तेल रात्रभर मुरू द्या. अर्धा फेरा पुढे गेलात तर पाव फेरा मागे येण्यात कमीपणा मानू नका. त्यानेच मळ सुटतो. आणि समेट झाल्यावर पुन्हा त्या घरी जाऊन पाहा.

कधी कधी मात्र गंजाने आटेच खाल्लेले असतात. तेथे कितीही घासले तरी उपयोग नाही. ते काम कुशल कारागिराच्या स्वाधीन करावे लागते. आपल्यापैकी पुष्कळांच्या अंतःकरणाची स्थिती अशीच आहे. ज्याने आपल्याला घडविले तोच तेथे नवे करू शकतो, व तो कोणासही परत पाठवीत नाही. तर येत्या प्रभुवारी मेजाजवळ येण्यापूर्वी प्रत्येकाने आपले आटे पाहावे, आणि ज्या भावाशी सांधा सैल आहे त्याच्या दारी आधी जावे. तसे करण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांस देवो. आमेन.