फक्त आजच्या दिवसापुरते



मी दारुडा आहे. गेली नऊ वर्षे दारूला शिवलेलो नाही, तरी 'होतो' न लिहिता 'आहे' लिहितो. कारण या आजारात माणूस बरा राहू शकतो, पण आजार पुरता जात नाही. नाव न घालता लिहिण्याची मुभा फादरांनी दिली, म्हणून हे धाडस करतो आहे.

एक प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. देवाने माझी दारू सोडवली असेल, तर ती शक्ती मी रोज नव्याने का मागायची? एकदा दिलेले दान देव परत घेतो की काय? आणि आयुष्यभराचे वचन देण्याऐवजी 'फक्त आजच्या दिवसापुरते' म्हणणे ही पळवाट नाही का?

आयुष्यभराची वचने मी पुष्कळ दिली. पवित्र मरियेच्या सणाला मेणबत्ती लावून पहिली शपथ घेतली, ती अकरा दिवस टिकली. आईच्या मयतीनंतर दुसरी घेतली, ती दीड महिना. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट खाली झाले, की पट्टीचे पैसे घेऊन घरी जाण्याऐवजी माझे पाय दुसरीकडे वळत. तिसऱ्यांदा शपथ घेतली तेव्हा माझी मुलगी चुलीपाशी होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. नुसती मान खाली घालून भाकरी थापत राहिली. माझ्या शब्दाला घरात काही किंमत उरली नाही, हे मला त्या थापण्याच्या आवाजातून कळले.

पुढे पुण्याच्या एका केंद्रात उपचार झाले. इथे एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. फार पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा आधी डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांकडे गेल्याने श्रद्धा कमी होत नाही. अमेरिकेतील अक्रन शहरात 1935 साली एक दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांच्या आधाराने सावरले आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ सुरू झाली. त्याच शहरातल्या कॅथलिक रुग्णालयात 1939 पासून सिस्टर इग्नेशिया यांनी अशा रुग्णांना खाटा मिळवून दिल्या. आपल्याकडे मुंबईच्या वांद्रे येथे फादर ज्यो परेरा यांनी 1981 साली कृपा फाउंडेशन सुरू केले आणि या चळवळीच्या पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण उभे केले. देव अशा हातांनीही काम करतो.

बैठकीत मी पहिल्यांदा ऐकले की आजचा दिवस प्यायचे नाही, उद्याचे उद्या पाहू. मला राग आला. मनात म्हटले, हा तर देवाशी उधारीचा व्यवहार झाला! रोज थोडे थोडे फेडायचे आणि मुद्दल तसेच ठेवायचे.

नंतर माझ्या जुन्या शपथा मी नीट तपासल्या, तेव्हा दिसले की सौदा तर त्या शपथांमध्येच होता. मी देवाला एक मोठे वचन द्यायचो आणि तिथेच आमचे बोलणे संपायचे. पुन्हा पडेपर्यंत मला त्याची गरज वाटत नसे. नाव देवाचे होते, पण भरवसा माझ्या मनगटावर होता. ते मनगट तर ग्लास धरताना थरथरत होते.

कोणी विचारील, मग लग्नाचे वचन, गुरुदीक्षेचे व्रत ही आयुष्यभराचीच नाहीत का? आहेत, आणि ती खरी आहेत. पण लग्नाच्या दिवशी 'हो' म्हटलेला नवरा दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते 'हो' वागून दाखवत नसेल, तर त्या वचनात काय उरले? वचन दिशा ठरवते. चालावे मात्र रोजच लागते.

आयर्लंडच्या डब्लिन शहरातील हमाल मॅट टॅलबट यांची गोष्ट मला इथे धीर देते. कोवळ्या वयातच ते दारूच्या आहारी गेले. 1884 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी दारू न पिण्याची शपथ घेतली, तीही फक्त तीन महिन्यांची. पुढे मुदत वाढवत ती आयुष्यभराची केली. कामावर जाण्याआधी ते रोज पहाटेच्या मिस्सेला जात. 7 जून 1925 रोजी मिस्सेला जातानाच रस्त्यात त्यांचे निधन झाले. 1975 साली ख्रिस्तसभेने त्यांना पूजनीय म्हणून घोषित केले. चाळीस वर्षांचा निर्धार आधी तीन महिन्यांचा होता, आणि ते तीन महिनेही एकेका सकाळीच जगले गेले.

वाळवंटात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तोही त्या दिवसापुरताच. हावेने उद्यासाठी साठवलेल्या मान्नात किडे पडले. शब्बाथाची गोष्ट तेवढी वेगळी होती. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजची भाकर मागतो, वर्षाची कणगी मागत नाही. दान टिकत नाही म्हणून देव असे करत नसावा. रोज हात पसरणाऱ्या लेकराला रोज बापाचे तोंड दिसते. कणगी भरली की लेकरू तिकडे फिरकत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक?

आपण जुन्नर-आंबेगावची माणसे, पाण्याचे गणित आपल्याला कळते. कालव्याला आवर्तन सुटले की पाटाला पाणी येते, मग पुन्हा वाट पाहायची. द्राक्षबागेला मात्र आपण ठिबक करतो. थोडेच पाणी, पण मुळाशी आणि नियमाने. माझी भक्ती आधी आवर्तनाची होती. सण आला की पूर, एरवी कोरड. वेलाला लागून राहण्याबद्दल प्रभू बोलला ते बागायतदाराने तरी शब्दशः घ्यावे. तुटलेल्या फांदीला कालच्या रसावर आज फळ धरत नाही.

आणखी एक शंका मला एका शिकलेल्या मित्राने विचारली. "अरे, बाटली सुटली आणि देवाची सवय लागली. पांगुळगाडा तो पांगुळगाडाच ना?" प्रश्न रास्त होता. पहिल्या वर्षी माझे तसेच झाले होते. मी पहाटे दोन तास जपमाळ घेऊन बसायचो आणि बायको एकटी बागेत राबायची. एके दिवशी ती म्हणाली, "देवाशी बोलून झालं असेल, तर थोडं माझ्याशीही बोला." त्या वाक्याने माझे डोळे उघडले. दारूने मला माणसांपासून तोडले होते, आणि मी प्रार्थनेचाही तसाच आडोसा करू पाहत होतो. म्हणून कसोटी ही की प्रार्थनेतून उठल्यावर मी कोणाकडे जातो? ज्याचे पैसे बुडवले त्याच्या दारात जातो का? ज्या मुलीची मान मी खाली घालायला लावली, तिचे म्हणणे ऐकतो का? बाटलीने माझे जग तिच्या तोंडाएवढे केले. देवाशी नाते खरे असेल, तर ते जग पुन्हा मोठे होत जाते.

आपल्या भागात कॅथलिक घरे थोडी आणि विखुरलेली आहेत. टॅलबट यांच्यासारखी रोजची मिस्सा मला जमत नाही. म्हणून मी दोन वेळा धरल्या आहेत. सकाळी चपला घालण्याआधी म्हणतो, "प्रभू, आज मला दारूपासून दूर ठेव, आणि आज कोणाच्या उपयोगी पडू ते दाखव." रात्री अंथरुणावर, संत इग्नेशियस यांनी शिकवले त्याप्रमाणे, दिवस उलगडून पाहतो. कुठे कृपा मिळाली, कुठे खोटे बोललो, उद्या कोणाची माफी मागायची. रविवारी मी ख्रिस्तप्रसाद केवळ भाकरीच्या रूपात घेतो. एका रूपातही ख्रिस्त पूर्ण असतो, ही आपली श्रद्धा आहे. त्यामुळे द्राक्षारस न घेणाऱ्याला काही कमी पडत नाही. ज्यांना ही अडचण आहे त्यांनी फादरांना निःसंकोच सांगावे.

कित्येक दिवस काहीच जाणवत नाही. प्रार्थना पेंढ्यासारखी कोरडी लागते. तरी बसतो. आमच्या शेजारचे माळकरी बाबा हरिपाठ चुकवत नाहीत. मी एकदा विचारले, "बाबा, रोज मन लागतं का?" ते म्हणाले, "मन लागलं म्हणून मी बसत नाही, बसतो म्हणून कधीतरी लागतं." त्यांची तुळशीची माळ आणि माझी जपमाळ वेगळी, पण त्यांचे हे उत्तर मी माझ्या माळेत ओवून घेतले आहे.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना एवढेच सांगतो. तुमचा माणूस सावरून पुन्हा पडला, तर देवाने त्याला टाकले असे समजू नका. त्याच्या पिण्यावर पांघरूण घालू नका, मार खाऊन गप्प राहू नका, मदत मागा. पण उद्याची सकाळ त्याच्यासाठीही उगवणार आहे, हे विसरू नका.

माझ्या मुलीचे आता लग्न झाले आहे. परवा माहेरी आली तेव्हा जावयासमोर म्हणाली, "पप्पा, आजचं झालं का?" मी म्हणालो, "झालं." तिने भाकरी वाढली आणि या वेळी माझ्याकडे पाहिले.

उद्याचे मला ठाऊक नाही. आजची भाकर मिळाली आहे. प्रभू ती आपल्या प्रत्येक घरात देवो. आमेन.